तळ्यातला शिंगाडा आणि डब्यातला ‘शिंगाडा’

मुलांनो, आधी एक कोडं सोडवा पाहू!

अंगात हिरवा सदरा, डोक्यावर दोन शिंगं, पण हा बैल नव्हे.
मुक्काम पाण्यात, पण हा मासा नव्हे.
उपासाला चालतो, पण हा बटाटा नव्हे.
तर मग हा कोण?

विदर्भातल्या दोस्तांनी पहिल्याच ओळीला ‘शिंगाडा!’ म्हणून ओरडायला सुरुवात केली असेल. मुंबई-पुण्याकडच्या पुष्कळ मुलांनी मात्र शिंगाडा पाहिला असेल तो फक्त पिठाच्या पुडीत. आषाढी एकादशीला आजी ज्याचा शिरा करते, तेच ते पीठ. ते पीठ म्हणजे तळ्यात वाढणारं एक फळ आहे, हे वर्गात सांगितलं की निम्मी मुलं चकित होतात.

यंदा मात्र कोड्यात टाकलं ते मुलांनी नाही, एका पालकांनी. पालकसभा संपल्यावर त्यांनी विचारलं, “बाई, पाककृतीच्या पुस्तकात चिनी भाजीत ‘वॉटर चेस्टनट’ घाला असं लिहिलंय. शब्दकोशात त्याचा अर्थ शिंगाडा असा दिलाय. बाजारात तर ताजे शिंगाडे आलेत. मग दुकानातला महागडा डबा कशाला घ्यायचा? ताजं ते डब्यातल्यापेक्षा चांगलंच ना?”

प्रश्न अगदी बिनतोड! पण उत्तर वाटतं तितकं सोपं नाही. कारण डब्यातला तो शिंगाडा, शिंगाडा नाहीच मुळी!

तळ्यातला शिंगाडा

आधी आपल्या शिंगाड्याची ओळख करून घेऊ. ही पाण्यात वाढणारी वनस्पती. तिची मुळं तळ्याच्या गाळात असतात. तिथून दोरीसारखी लांब दांडी पाण्यातून वर येते आणि पाण्यावर पानांचं गोल चक्र पसरतं. पानाच्या देठाला मधेच एक फुगीर गाठ असते आणि तिच्यात हवा भरलेली असते. पोहायला शिकताना तुम्ही ट्यूब बांधता की नाही, तशी इथे प्रत्येक पानाला स्वतःची ट्यूब!

चार पाकळ्यांचं छोटं पांढरं फूल पाण्यावर उमलतं. मग ते मान खाली घालतं आणि त्याचं फळ पाण्याखाली वाढू लागतं. म्हणून वरून पाहिलं तर तळ्यात नुसती पानंच दिसतात. पानांचं चक्र उचलून उलटं करावं, तेव्हा खाली लटकलेले हिरवे, लालसर, जांभळट शिंगाडे दिसतात. शिंगासारखी दोन टोकं असतात म्हणून हा शिंगाडा. संस्कृतात याला ‘शृंगाटक’ म्हणतात आणि शृंग म्हणजे शिंग. काही जातींना चार शिंगं असतात, तर लागवडीसाठी निवडलेल्या काही जातींना शिंगं नसतातच.

आपल्या राज्यात भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा भाग तलावांचा. तिथले जुने मालगुजारी तलाव प्रसिद्ध आहेत. भाताला पाणी मिळावं म्हणून काही शतकांपूर्वी लोकांनी ते बांधले. त्यांतल्या अनेक तलावांत आणि लहानसहान बोड्यांत शिंगाडा लावतात. मासेमारी करणारा ढिवर समाज या कामात तरबेज. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोपं पाण्यात लावली की दसरा-दिवाळीच्या सुमारास तोडणी सुरू होते आणि ती थंडीपर्यंत चालते.

ही तोडणी काही सोपी नसते बरं का! कंबरभर, कधी छातीभर पाण्यात उतरायचं, नाहीतर डोंग्यात किंवा ट्रकच्या चाकाच्या ट्यूबवर बसून पुढे सरकायचं. एकेक चक्र उलटं करायचं, तयार शिंगाडे तोडायचे, कोवळे तसेच ठेवायचे आणि चक्र पुन्हा सुलटं करून पाण्यावर सोडायचं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा त्याच जागी यायचं. थंडीतलं गार पाणी, बोटांना टोचणारे काटे आणि हे काम तासन् तास. हातगाडीवरच्या शिंगाड्यांचा भाव करताना एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

शिंगाडा फक्त आपल्याकडेच होतो असं नाही. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार या राज्यांत तो भरपूर पिकतो. काश्मीरमधल्या वुलर सरोवराच्या काठची माणसं पिढ्यान् पिढ्या शिंगाडे गोळा करत आली आहेत. मध्य प्रदेशात देवउठनी एकादशीच्या पूजेत ऊस आणि बोरांबरोबर शिंगाडाही मांडतात.

मग डब्यातला तो कोण?

आता तो टिनचा डबा उघडू. आत पांढऱ्या, गोल, पातळ चकत्या दिसतात. शिंगाड्याचं त्रिकोणी रूप कुठेच नाही. असणार कसं? हे फळच नाही. हा आहे कंद!

या वनस्पतीचं शास्त्रीय नाव इलिओकॅरिस डल्सिस. तुम्ही ओढ्याकाठी लव्हाळा पाहिला असेल, बागेत नागरमोथ्याचं तण पाहिलं असेल. त्याच कुळातली ही. पानं अशी दिसतच नाहीत. पाण्यातून नुसत्या हिरव्या पोकळ नळ्या उभ्या राहतात, काही तर तुमच्या उंचीच्या. खाली चिखलात मात्र अळकुडीसारखे छोटे कंद तयार होतात. त्यांची साल काळपट तपकिरी आणि आतला गर पांढराशुभ्र.

हे पीक मुख्यतः चीनचं. भाताच्या खाचरासारख्या शेतात पाणी भरून ते लावतात. थंडी आली की पाणी काढून टाकतात आणि चिखल उपसून कंद शोधतात. दक्षिण चीनमधल्या कँटनी भाषेत या कंदाला ‘मा-ताय’ म्हणतात. अर्थ काय, माहीत आहे? घोड्याचा खूर! आपण शिंगाड्यात शिंग पाहिलं, त्यांनी त्यांच्या कंदात खूर पाहिला. आहे की नाही गंमत?

घोटाळा केला तो इंग्रजी नावाने. चेस्टनट हे मुळात थंड प्रदेशातल्या एका मोठ्या झाडाचं फळ. चवीला पिठूळ, गोडसर. पाण्यातलं काहीतरी तसंच खायला मिळालं, की त्याला ‘पाण्यातलं चेस्टनट’ म्हणजे वॉटर चेस्टनट म्हणून मोकळे! आपल्या शिंगाड्यालाही तेच नाव आणि चिनी कंदालाही तेच. शब्दकोश खोटं बोलत नाही, तो अर्धंच सांगतो.

या एका नावामुळे अमेरिकेत तर आणखी मजा. तिथे डब्यातलं वॉटर चेस्टनट लोक आवडीने खातात. पण शिंगाड्याचे भाऊबंद तिथे १८७० नंतरच्या काही वर्षांत कुणीतरी नेले आणि मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या तळ्यांत टाकले. ते इतके माजले की नद्या-तळी झाकून गेली. बोटी अडकू लागल्या. आता तिथे उन्हाळ्यात स्वयंसेवक होड्या घेऊन जातात आणि हे ‘वॉटर चेस्टनट’ उपटून फेकतात. एक वॉटर चेस्टनट ताटात, दुसरं कचऱ्यात!

डबा आला कुठून?

ताजा चिनी कंद महिनाभर टिकवायचा म्हटलं तरी सांभाळावा लागतो. मग तो हजारो किलोमीटर दूर पोचतो कसा? डब्यामुळे. या डब्याची गोष्टही ऐकण्यासारखी आहे.

फ्रान्समध्ये निकोलस अपेर नावाचा एक आचारी होता. मिठाईही करायचा. लढाईवर गेलेल्या सैनिकांना चांगलं अन्न मिळावं म्हणून अपेरने एक युक्ती शोधली. अन्न काचेच्या बाटलीत भरायचं, बूच घट्ट बसवायचं आणि बाटली उकळत्या पाण्यात बराच वेळ ठेवायची. अन्न कित्येक महिने टिकलं! १८१० साली त्याला फ्रान्सच्या सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये पीटर ड्युरंड याने काचेऐवजी टिनच्या डब्याचं पेटंट घेतलं.

मजा म्हणजे अन्न का टिकतं, हे अपेरला ठाऊकच नव्हतं. सूक्ष्मजीवांमुळे अन्न नासतं, हे लुई पाश्चरने दाखवलं ते सुमारे पन्नास वर्षांनी. आणि डबा उघडायचं ओपनर? तेही उशिराच आलं. तोवर लोक छिन्नी आणि हातोडी घेऊन डबे फोडत होते!

आज कारखान्यात कंद सोलतात, चकत्या करतात, पाण्यासह डब्यात भरतात, डबा हवाबंद करतात आणि वाफेच्या दाबाखाली १०० अंशांपेक्षा बराच जास्त तापवतात. एवढं कशाला? कारण काही जिवाणूंची बीजं नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. त्यांतलं एक बोट्युलिनम. आंबट नसलेल्या अन्नात, हवा नसलेल्या डब्यात ते वाढलं तर अतिशय घातक विष तयार करतं. म्हणून पालकांनो, घरी बाटलीत शिंगाडे भरून, नुसतं उकळून वर्षभरासाठी ठेवायचा प्रयोग करू नका. हे काम कारखान्याचंच.

काय राहिलं, काय गेलं?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ताजा चिनी कंद डब्यात गेला की त्याचं काय होतं?

अमेरिकेच्या कृषी खात्याचे अन्नघटकांचे तक्ते आहेत. त्यांत १०० ग्रॅमचा हिशेब असा दिसतो:

ताजा कंद – पाणी सुमारे ७४ ग्रॅम, पिष्टमय पदार्थ सुमारे २४ ग्रॅम, पोटॅशियम ५८४ मिलिग्रॅम.

डब्यातला कंद – पाणी सुमारे ८६ ग्रॅम, पिष्टमय पदार्थ सुमारे १२ ग्रॅम, पोटॅशियम ११८ मिलिग्रॅम.

म्हणजे पिष्टमय पदार्थ निम्मे झाले आणि पोटॅशियम जवळजवळ एक पंचमांश उरलं. गोडवाही उतरतो. उष्णतेत आणि डब्यातल्या पाण्यात महिनोन् महिने राहिल्यावर कंदातली साखर आणि क्षार त्या पाण्यात उतरतात. म्हणून ज्याने ताजा मा-ताय खाल्लाय तो म्हणतो, हा सफरचंदासारखा गोड आणि रसाळ. ज्याने फक्त डब्यातला खाल्लाय तो म्हणतो, याला चवच नाही! दोघंही खरं बोलतात.

पण एक गोष्ट डब्यात जराही हरवत नाही. ती म्हणजे कुरकुरीतपणा. एवढं तापवल्यावर बटाट्याचा लगदा झाला असता. हा कंद मात्र दाताखाली कर्रकन वाजतो!

याचं कारण शास्त्रज्ञांनी शोधून काढलंय. भाजी ही असंख्य पेशींची बनलेली असते. पेशी म्हणजे विटा समजा. विटा चिकटवायला सिमेंट लागतं, तसं पेशींना चिकटवायला पेक्टिन नावाचा पदार्थ असतो. बटाटा उकडला की हे सिमेंट गरम पाण्यात विरघळतं, विटा सुट्या होतात आणि बटाटा मऊ होतो. चिनी कंदाच्या पेशींच्या भिंती मात्र फेरुलिक आम्लाने एकमेकींना जास्तीच्या जोडल्या आहेत. लोखंडी पट्ट्यांना रिबिट मारावेत ना, तशा. उष्णतेने हे रिबिट निघत नाहीत. बीट शिजायला बटाट्यापेक्षा इतका वेळ का लागतो, त्याचंही हेच एक कारण.

आपला शिंगाडा मात्र वेगळा वागतो. कोवळा असताना तो कुरकुरीत आणि रसाळ लागतो. पण उकडला की बटाट्या-रताळ्यासारखा पिठूळ होतो. त्याच्यात ते रिबिट नाहीत. म्हणून स्वयंपाकात दोघांची कामं वेगळी.

आपला ‘डबा’ म्हणजे ऊन!

चीनमधल्या कंदाला डबा मिळाला. मग आपला शिंगाडा वर्षभर कसा टिकतो? त्याला आपल्या लोकांनी फार जुनी युक्ती लावली. सोलायचा आणि उन्हात खडखडीत वाळवायचा.

ताज्या शिंगाड्याच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ७० ग्रॅम पाणी असतं. वाळल्यावर १०० ग्रॅममध्ये उरतं सुमारे १४ ग्रॅम. पाणीच नाही तर बुरशी आणि जिवाणू वाढणार कशावर? आता एक गणित सोडवा. एक किलो सोललेल्या शिंगाड्यात पाणी सोडून ३०० ग्रॅम ऐवज आहे. तो वाळवल्यावर वजन किती भरेल? (उत्तर लेखाच्या शेवटी.)

हे सुके शिंगाडे दळले की आपलं उपासाचं पीठ तयार. त्याचा शिरा होतो, थालीपीठ होतं, पुऱ्या होतात, लाडूही होतात. शिंगाडा हे धान्य नाही, फळ आहे, म्हणून तो उपासाला चालतो. त्याच्यात गव्हातलं ग्लुटेन नसतं. त्यामुळे ज्यांना गहू सोसत नाही अशा लोकांनाही हे पीठ उपयोगी पडतं. मात्र पाकिटावर गहू किंवा दुसरं पीठ मिसळलेलं नाही ना, हे त्यांनी वाचून घ्यावं.

म्हणजे बघा, दोन्ही देशांतल्या माणसांपुढे प्रश्न एकच होता. तळ्यातला दोन-तीन महिन्यांचा मेवा वर्षभर कसा पुरवायचा? डब्याने कुरकुरीतपणा राखला, पण गोडी आणि क्षार गमावले. उन्हाने पिष्टमय सत्त्व राखलं, पण रस आणि कुरकुर गमावली. फुकट काहीच टिकत नाही! आणि ताज्या शिंगाड्यात सगळं असतं, पण तो थोडेच दिवस असतो.

वाळलेल्या शिंगाड्याने आणखीही एक गोष्ट गमावलेली असते. तो पुन्हा उगवत नाही. शिंगाड्याचं बी ओलं राहावं लागतं. म्हणून पुढच्या वर्षीचं बियाणं शेतकरी पाण्यातच सांभाळतात.

थांबा! दात लावू नका

मुलांनो, आता एक महत्त्वाची गोष्ट. हा भाग आई-बाबांनाही वाचून दाखवा.

कच्चा शिंगाडा हातात आला की आपण काय करतो? सरळ दाताने साल फाडतो. ही सवय सोडा. कारण सालीवर एक न दिसणारा पाहुणा बसलेला असू शकतो.

त्याचं नाव फॅसिओलॉप्सिस. हा पानासारखा चपटा कृमी. त्याचा प्रवास असा होतो: आजारी माणसाच्या किंवा डुकराच्या विष्ठेतून त्याची अंडी तळ्यात जातात. अंड्यातून बाहेर पडलेली अळी पाण्यातल्या गोगलगाईच्या शरीरात शिरते. तिथे वाढून ती पुन्हा पाण्यात येते आणि पाणवनस्पतींच्या पानांवर, फळांच्या सालीवर चिकटून स्वतःभोवती कवच करून बसते. हे कवच इतकं बारीक असतं की नुसत्या डोळ्यांनी सहज दिसत नाही. आपण साल दाताने सोलली की ते थेट पोटात! आतड्यात तो कृमी चांगला २ ते ७ सेंटिमीटर लांब वाढतो. मग पोटदुखी, जुलाब, अशक्तपणा.

हा कृमी पहिल्यांदा सापडला तो १८४३ साली, लंडनमध्ये. जॉर्ज बस्क या डॉक्टरांना तो एका भारतीय खलाशाच्या आतड्यात आढळला. आपल्या देशात बिहार आणि उत्तर प्रदेशात याचे रुग्ण आढळलेले आहेत. चीनमध्ये आणि आसपासच्या देशांत तो मा-तायच्या सालीवरूनही माणसांच्या पोटात जातो.

घाबरायचं मात्र कारण नाही. या आजारावर औषध आहे आणि त्याला दूर ठेवणं तर अगदी सोपं आहे:

१. शिंगाडे आणल्यावर गाळ, शेवाळ निघेपर्यंत भरपूर पाण्यात चोळून धुवा.
२. उकडूनच खाल्ले तर सगळ्यात उत्तम. उकळत्या पाण्यापुढे या कृमीचं काही चालत नाही.
३. कच्चे कोवळे खायचेच असतील तर सालीसकट काही मिनिटं खळखळत्या पाण्यात ठेवा आणि मग सुरीने सोला. सुरीचं काम मोठ्यांचं. सोललेला गर पुन्हा धुवा.
४. साल कधीही दातात धरायची नाही. ‘एकदाच!’ असंही नाही.

ज्या गावाच्या तलावाकाठी कुणी उघड्यावर शौचाला बसत नाही, तिथे या कृमीची साखळी पहिल्याच कडीला तुटते. शाळेत आपण स्वच्छतेचा धडा वाचतो ना, तो असा शिंगाड्यापर्यंत येऊन पोचतो!

आता स्वयंपाकघरात

त्या पालकांच्या प्रश्नाचं उत्तर आता सरळ देता येईल. चिनी भाजीत डब्याऐवजी शिंगाडा घालता येईल का? कोवळा असेल तर घाला. वर सांगितल्याप्रमाणे उकळत्या पाण्यातून काढून सोला, पातळ चकत्या करा आणि भाजी उतरायला दोन मिनिटं असताना टाका. लगेच वाढा, नाहीतर तो पिठूळ होईल. जून शिंगाडा मात्र या कामाला चालणार नाही. तो उकडून खाण्यासाठीच. आणि उलट, डब्यातल्या चकत्यांचा शिरा करू म्हणाल तर जमणार नाही.

डबा घेताना तो फुगलेला, गंजलेला किंवा सांध्याजवळ चेपलेला नको. फुगलेला डबा उघडूनही बघू नका, चाखूनही बघू नका. तसाच टाकून द्या. डब्यावरची दोन वजनं वाचा. एक सगळं मिळून, दुसरं पाणी निथळून. २२७ ग्रॅमच्या नेहमीच्या डब्यात निथळल्यावर सुमारे १४० ग्रॅम चकत्या भरतात. उरलेले ८७ ग्रॅम पाण्याचे! उघडल्यावर चकत्या धुवा आणि मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवून काढा, म्हणजे टिनचा वास जातो. उरलेल्या चकत्या डब्यात ठेवू नका. काचेच्या भांड्यात, ताज्या पाण्यात, फ्रीजमध्ये ठेवा. पाणी रोज बदला आणि तीन-चार दिवसांत संपवा.

शिंगाड्याची उपासाची भाजी

साहित्य: अर्धा किलो शिंगाडे, १ उकडलेला बटाटा, २ चमचे तूप, १ चमचा जिरं, २ हिरव्या मिरच्या, ३ चमचे दाण्याचं कूट, मीठ, चिमूटभर साखर, अर्धं लिंबू.

कृती: धुतलेले शिंगाडे सालीसकट १५-२० मिनिटं उकडा. गार झाल्यावर मोठ्या माणसाने सुरीने दोन तुकडे करून गर काढावा. (बोटं काळी होतील, पण लिंबाने निघतील.) तुपात जिरं-मिरचीची फोडणी करा. शिंगाडे आणि बटाट्याच्या फोडी परता. मीठ, साखर, कूट घालून झाकण ठेवा. पाच मिनिटांनी उतरवून लिंबू पिळा. कोथिंबीर तुमच्या घरी उपासाला चालते का, ते आजीला विचारा!

कुरकुरीत माणकं

थायलंडमध्ये वॉटर चेस्टनटचा एक थंडगार गोड पदार्थ करतात. त्याच्या नावाचा अर्थच ‘कुरकुरीत माणकं’. इथे डबाच हवा, कारण उकळूनही कुरकुरीत राहणारा कंद तोच.

कृती: डब्यातल्या कंदाचे डाळिंबाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे तुकडे करा. बिटाच्या लाल पाण्यात अर्धा तास भिजवा. निथळून आरारूटच्या पिठात घोळवा. आईच्या किंवा बाबांच्या मदतीने उकळत्या पाण्यात सोडा. तरंगायला लागले की काढून गार पाण्यात टाका. नारळाच्या दुधात साखर आणि बर्फ घालून त्यात ही माणकं सोडा. बाहेरून मऊ, आतून कर्र!

करून बघा

१. बटाटा आणि बीट यांचे सारख्या आकाराचे तुकडे घ्या. दोन्ही एकाच पातेल्यात १५ मिनिटं उकळा. चमच्याने दाबा. कोणाचे रिबिट निघाले, कोणाचे नाही?

२. शिंगाड्याच्या गरावर टिंक्चर आयोडीनचा एक थेंब टाका. काळानिळा रंग आला की समजा, आत पिष्टमय पदार्थ आहे. हाच प्रयोग काकडीवर करून फरक पाहा. प्रयोगातले तुकडे खायचे नाहीत हं!

३. बाजारात शिंगाडेवाल्या मावशी किंवा काका भेटले तर विचारा, “हे कुठल्या तलावातले? तोडणी कशी करता?” जे कळेल ते वहीत लिहून काढा आणि वर्गात वाचून दाखवा. तलावात उतरणाऱ्या माणसाला जे माहीत असतं, ते डब्याच्या लेबलावर सापडत नाही.

दसऱ्यानंतर पिशवी घेऊन बाजारात जा. उकडलेले काळे आणि ताजे हिरवे, दोन्ही शिंगाडे घरी आणा. आणि लक्षात आहे ना? आधी धुवायचे, मग उकडायचे, मग सुरीने सोलायचे. दात फक्त शेवटी, खायला!

(गणिताचं उत्तर: वाळलेल्या शिंगाड्यात १०० पैकी १४ भाग पाणी, म्हणजे ८६ भाग ऐवज. ३०० ग्रॅम ऐवजाला ८६ ने भागून १०० ने गुणलं की येतात सुमारे ३५० ग्रॅम. एका किलोचे साडेतीनशे ग्रॅम! बाकीचं पाणी उन्हाने नेलं.)